बायोडेटातले दोन इंच

जर्मनीहून एक माणूस आमच्या मुलाला बघायला येणार आहे हे मला कळलं, तेव्हा माझ्या हातात अठरा मुलांच्या मोज्यांची यादी होती. मंगळवारची संध्याकाळ, नेदरलँड्समधल्या झूटरमेरची आइस रिंक. संघाचे नवे मोजे आले होते आणि कोणाला कुठला नंबर ते मी लावत होते. कोच मोज्यांच्या खोक्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "शनिवारी स्काउट येतोय. दोघांना बघायला. एक आपला गोलकीपर आणि एक तुझा."

"माझा?"

"तुझा. मीच त्याचे व्हिडिओ पाठवले होते. बस जरा, एक फॉर्म भरायचाय."

बसायला दुसरं खोकं नव्हतं, म्हणून मी उभ्यानेच फॉर्म घेतला.

मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि एकशे त्रेसष्ट सेंटीमीटर उंच. म्हणजे पाच फूट चार. आपल्याकडे कोणी त्याला बुटका म्हटलं नसतं, पण ज्या देशात वर्गातल्या मुलीसुद्धा दारातून वाकून येतात, तिथे तो सगळ्या फोटोंत पहिल्या रांगेत असे. संघातही सर्वांत लहान तोच. आठव्या वर्षी शाळेतल्या एका मित्राच्या वाढदिवसाला तो या रिंकवर गेला होता. बाकीची मुलं अर्ध्या तासात रडून चिप्स खायला बसली. हा शेवटपर्यंत पडत होता आणि उठत होता. त्याला क्रिकेटला घालायचं आमचं ठरलं होतं. ते राहिलं.

इथल्या क्लबांमध्ये मूल खेळायला गेलं की पालकांनाही काम लागतं. कोणी घड्याळ सांभाळतं, कोणी पंचांना कॉफी नेऊन देतं. दुसऱ्याच वर्षी आधीच्या मॅनेजर बाईंनी एक प्लॅस्टिकचा क्रेट माझ्या हातात दिला. त्यात किल्ल्या होत्या, प्रथमोपचाराची पेटी होती आणि तीन वर्षं जुन्या याद्या होत्या. "तू व्यवस्थित दिसतेस," एवढंच त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. तेव्हापासून मी संघाची मॅनेजर आहे. आइस हॉकीतलं मला फारसं कळत नाही. पण कोणाची स्टिक कुठल्या लांबीची आणि कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन.

स्काउट ज्या अकॅडमीतून येणार होता ती दरवर्षी बाहेरच्या देशांतली चार मुलं घेते. दिवसा शाळा, दोन वेळा बर्फ, राहायला वसतिगृह. तिथली काही मुलं पुढे व्यावसायिक खेळाडू होतात. नेदरलँड्समध्ये या खेळावर पोट भरणं जवळपास अशक्य. इथले चांगले खेळाडू दिवसा ऑफिसात किंवा गोदामात काम करतात आणि संध्याकाळी खेळतात. आमच्या मुलाला फक्त खेळाडू व्हायचं होतं. आणि सतराव्या वर्षाच्या आत कोणी उचललं नाही, तर नंतर कोणी ढुंकूनही बघत नाही. कोचने हे मला त्या मंगळवारी सांगितलं. मुलाला ते बाराव्या वर्षापासून माहीत होतं. गाडीत मी त्याला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" तर तो डचमध्ये म्हणाला, "तू यादी केली असतीस."

फॉर्म दोन पानी होता. पहिल्या पानावर सामने, गोल, पास, शिक्षा. ते मी दहा मिनिटांत भरलं. दुसरं पान वाचताना मात्र मला वाटलं, चुकून दुसराच कागद आला. मुलाची उंची, वजन, मनगटाचा घेर. चौदाव्या, पंधराव्या आणि सोळाव्या वर्षी बुटाचा नंबर. वडिलांची उंची. आईची उंची. आईच्या भावांची उंची. वडिलांना दाढी कितव्या वर्षी आली.

"हा फॉर्म आहे का स्थळ?" नवरा म्हणाला.

बुधवारी रात्रीचं जेवण झाल्यावर आम्ही तो भरायला बसलो. बुटांचे नंबर माझ्याकडे लिहिलेले होतेच. दाढीसाठी नवऱ्याला पुण्याला आईला फोन करायचा होता. मी म्हटलं, अंदाजाने अठरा लिही.

"उंची?"

"एकशे त्र्याहत्तर," लॅपटॉपवरून मान न उचलता तो म्हणाला. "पाच आठ."

मी माझी एकशे साठ लिहिली. पाच तीन. ही माझी उंची मी शेवटची वाचली होती ती लग्नाच्या बायोडेटात. तो माझ्या वडिलांनी केला होता आणि मोजताना मला चपला काढायला सांगायचं ते विसरले होते. हे मला लिहिताना आठवलं. पण त्या चपला तशा पातळ होत्या, असं मी स्वतःला सांगितलं.

कोचने हिशोब समजावून दिला होता. आईबापांच्या उंचीची बेरीज करायची, मुलगा असेल तर तेरा मिळवायचे आणि निम्मे करायचे. एवढा मुलगा पुढे साधारण होणार. आमचं उत्तर आलं एकशे त्र्याहत्तर. "बास," कोच फोनवर म्हणाला. "बहात्तरच्या खाली ते फाइलच उघडत नाहीत. कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहितीय. एका सेंटीमीटरने सुटलात."

मुलगा जिन्यावर उभा राहून ऐकत होता. तो खाली आला, फ्रिजमधून दह्याचा डबा काढला आणि पाच-सहा चमचे उभ्या उभ्या खाल्ले. वर जाताना जिना दोन दोन पायऱ्यांनी चढला.

शनिवारचा सामना दुपारी तीनचा होता. स्काउट अडीचला आला. साठीचा, करड्या जॅकेटमधला, सभ्य माणूस. मी त्याला कॉफी दिली आणि पहिल्या रांगेतली जागा दाखवली, जिथून दोन्ही गोल दिसतात. त्याने आभार मानले, खुर्ची उचलली आणि उलटी करून बर्फाकडे पाठ करून बसला. तोंड आम्हा पालकांकडे.

"सामना त्या बाजूला आहे," मी म्हटलं.

"मला माहितीय," तो इंग्रजीत म्हणाला. "मुलांचे व्हिडिओ मी पाहिलेत. पालकांचे व्हिडिओ कोणी पाठवत नाही."

शिट्टी झाली. त्याच्या पाठीमागे आमचा मुलगा पहिल्याच मिनिटाला कोपऱ्यात घुसला, एका धिप्पाड मुलाने त्याला रिंकभोवतीच्या फळ्यांवर आपटलं, आणि तो पक, म्हणजे ती रबरी चकती, घेऊनच बाहेर आला. बाकावरची मुलं स्टिका आपटत होती. स्काउट माझ्या नवऱ्याच्या मनगटांकडे बघत होता.

"हात पुढे करता का?"

नवऱ्याने केले. पंचवीस वर्षं कीबोर्डवर काम केलेले हात. स्काउटने ते उलटसुलट करून पाहिले.

"गुडघे दुखतात?"

"जिना उतरताना."

"उभे राहता? थोडं चालून दाखवता?"

नवरा कॅन्टीनच्या दारापर्यंत चालत गेला आणि परत आला. गोलकीपरचे आईवडील शेजारीच बसले होते. बाप जवळजवळ दोन मीटर, आई त्याच्या कानाला लागणारी. त्यांना चालायलाही सांगितलं नाही. स्काउटने दुरूनच बरोबरची खूण केली आणि पान उलटलं.

नवरा माझ्या कानाशी म्हणाला, "तुला बघायला आलो होतो तेव्हा मी तुला चालायला सांगितलं होतं का?"

"तुझ्या मावशीने सांगितलं होतं."

"मग हा तिचाच माणूस."

पहिला भाग संपेपर्यंत स्काउटने आमच्या फॉर्मवर तीनदा नजर टाकली. मग तो उठून नवऱ्याच्या अगदी शेजारी उभा राहिला, खांद्याला खांदा लावून, आणि म्हणाला, "मी एकशे एकाहत्तर आहे."

मी त्या दोघांकडे बघितलं. स्काउटचे डोळे नवऱ्याच्या डोळ्यांपेक्षा वर होते.

"तुम्ही एकशे त्र्याहत्तर नाही," तो म्हणाला. रागाने नाही. दूध नासलंय हे जसं सांगतात तसं.

"आहे," नवरा म्हणाला. त्याने पाकिटातून ओळखपत्र काढलं. इथल्या ओळखपत्रावर उंची छापलेली असते. आमच्या दोघांच्याही कार्डांवर ती होती. "हे बघा. एक मीटर त्र्याहत्तर. सरकारने लिहिलंय."

"सरकारने मोजलं होतं?"

नगरपालिकेच्या काउंटरवरच्या मुलीने आम्हाला विचारलं होतं, आणि आम्ही जे सांगितलं ते तिने टाइप केलं होतं. मी तिथेच उभी होते. माझे एकशे साठ तसेच गेले होते.

"लग्नाच्या वेळी मी पाच आठ होतो," नवरा म्हणाला.

हे वाक्य त्याने इंग्रजीत म्हटलं, पण त्याचा अर्थ त्या हॉलमध्ये फक्त मला कळला. मला एकदम त्याच्या सगळ्या पँटी आठवल्या. नवी पँट आणली की शिंप्याकडून खालून दोन बोटं कमी करायची, हे माझ्या यादीत लग्नापासून होतं. इतक्या वर्षांत एकदाही मी विचारलं नव्हतं, की सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या पँटी त्याला सारख्याच लांब का होतात.

"ए," मी मराठीत म्हटलं. "खरं किती?"

"पाच सात तरी असेन."

"तरी?"

कोच आला. त्याला वाटलं होतं काही वाद चाललाय. स्काउटने त्याला सांगितलं, की आकडा पटत नाही आणि बहात्तरच्या इतक्या जवळचा आकडा तो न मोजता वर पाठवू शकत नाही. कोच म्हणाला, "मग मोजा. धार लावायच्या खोलीत चला. तिथली जमीन सपाट आहे."

धार लावायची खोली म्हणजे रिंकच्या मागची एक बोळकंडी. स्केट्सच्या पात्यांना धार लावायचं मशीन, भिंतीला स्टिका, खाली ओलं काँक्रीट. सामन्याचा दुसरा भाग सुरू झाला होता. आम्ही चौघं आत दाटीवाटीने उभे. नवऱ्याने बूट काढले आणि दाराच्या चौकटीला पाठ लावली. स्काउटने खिशातून कागदी टेप काढली आणि नवऱ्याच्या डोक्यावर संघाची नियमांची वही ठेवली.

"टाचा टेकवा."

"टेकवल्यात."

"हनुवटी खाली."

वही खाली आली. एकशे अडुसष्ट.

मग माझी पाळी. एकशे सत्तावन्न. मी चपलांचं काही बोलले नाही.

स्काउटने बेरीज केली, तेरा मिळवले, निम्मे केले. एकशे एकोणसत्तर. त्याने तो आकडा फॉर्मवर लिहिला आणि पेनचं टोपण लावलं. भिंतीपलीकडून फळ्यांवर काहीतरी जोरात आदळल्याचा आवाज आला. तो आमचाच असणार असं मला वाटलं, पण जाऊन बघायला जागा नव्हती.

"थांबा," नवरा सॉक्सवर उभ्या उभ्या म्हणाला. "माझ्याकडे सगळे उंच आहेत. माझे वडील उंच होते." त्याने पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. सासूबाई स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या.

"आई, बाबांची उंची किती होती?"

"का? काय झालं?"

"इथे एक माणूस विचारतोय."

"कोण माणूस? त्याला मुलगी आहे का?"

"आई, हॉकीचा आहे. बाबा पाच दहा होते ना?"

"कागदावर होते," सासूबाई म्हणाल्या. "अरे, तेव्हा सगळेच दोन इंच लावायचे. नाही लावले तर समोरचा आपणहून दोन कमी धरायचा. तुझे मीच लावले. तुझ्या मावशीने तीन सांगितले होते, मी म्हटलं तीन नको, मुलगी शेजारी उभी राहील तेव्हा कळेल." मग त्यांना मी दिसले. "तुझ्या वडिलांनी नाही का तुझा एक लावला?"

"अहो आई, तुम्हाला कसं कळलं?"

"साखरपुड्यात चपला काढल्यास तेव्हा. मी काही बोलले नाही. आमचेही होते ना."

स्काउट विचारत होता, की त्या काय म्हणतायत. नवऱ्याने सांगितलं, "वडील मध्यम होते."

मला तेव्हा फॉर्ममधली ओळ आठवली. आईचे भाऊ. त्या रकान्यात मी नुसती रेघ मारली होती, कारण माझ्या भावाची उंची मला माहीत नव्हती. पण तो उंच आहे, हे सगळं कुटुंब म्हणतं, आणि पोरगं मामाच्या वळणावर जातं हे कोणालाही माहीत असतं. मी स्काउटला तसं सांगितलं. तो पहिल्यांदाच हसला. "आमच्या आजीही हेच म्हणायच्या," तो म्हणाला आणि पेनचं टोपण काढलं.

भावाला फोन लावला. तो घरीच होता. उंची विचारली तर म्हणाला, "सहा फूट."

"बायोडेटातली नको."

मोजायची टेप कुठे ठेवलीय ते त्याला आठवेना. तेव्हा मी त्याला फ्रिजला पाठ लावून उभं राहायला सांगितलं. तो फ्रिज गेल्या दिवाळीत मीच ऑनलाइन पसंत केला होता. कट्टा आणि वरचं कपाट यांच्यामध्ये तो बसेल का, हे बघायला मी त्याची मापं लिहून घेतली होती. एकशे पंचाहत्तर. ते फोनमध्ये होतं. मी स्काउटला दाखवलं.

त्याने ते लगेच मान्य केलं. "फ्रिज बनवणारे खोटं बोलत नाहीत," तो म्हणाला. "त्यांना कुठे लग्न करायचंय." नवऱ्याने मधल्या वेळात त्याला बायोडेटाचं सगळं समजावून सांगितलं होतं.

वहिनीने फोन धरला. भाऊ अनवाणी फ्रिजला टेकला. त्याचं डोकं फ्रिजच्या वर तीन बोटं होतं. वहिनीची बोटं, म्हणजे पाच सेंटीमीटर. स्काउटने एकशे ऐंशी लिहिलं. मग एकोणसत्तर खोडून सत्तर केलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मामाला तो एवढंच वजन देऊ शकत होता.

"दोन कमी," कोच म्हणाला.

"दोन कमी," स्काउट म्हणाला.

त्याच वेळी दार ढकललं गेलं. दुसरा भाग संपला होता आणि आमच्या मुलाच्या उजव्या स्केटचं पातं बोथट झालं होतं, म्हणून तो धार लावून घ्यायला आला होता. पूर्ण गियरमध्ये, हेल्मेटमधून घाम गळतोय. त्याने बघितलं. बाप सॉक्सवर दाराच्या चौकटीला चिकटून उभा. आईच्या हातात फोन, फोनमध्ये मामा आणि फ्रिज. कोच मशीनवर बसलेला. स्काउटच्या हातात कागदी टेप.

"काय चाललंय?" त्याने डचमध्ये विचारलं.

उत्तर स्काउटने दिलं, कारण तो सरळ माणूस होता. "तू एकशे एकोणसत्तर होशील. कदाचित सत्तर. आम्हाला बहात्तर लागतात. तू चांगला आहेस. त्याबद्दल प्रश्न नव्हता."

मुलाने ते ऐकलं. त्याने स्केट काढून कोचच्या हातात दिली. "पाच मिनिटं आहेत," तो म्हणाला. कोचने मशीन चालू केलं. ठिणग्या उडत होत्या तेवढा वेळ तो एका पायावर भिंतीला हात लावून उभा राहिला आणि जमिनीकडे बघत राहिला. स्केट घालून झाल्यावर तो बापाकडे वळला. घरी आम्ही मराठी बोलतो आणि तो डचमध्ये उत्तर देतो. असं कित्येक वर्षं चालत आलंय. पण तेव्हा तो मराठीत म्हणाला, "बाबा, बूट घाल. खाली गार आहे."

आणि गेला.

तिसऱ्या भागात स्काउटने खुर्ची सरळ करून ठेवली. गोलकीपर बघायचा होता म्हणून असेल. आमच्या मुलाने गोल केला नाही. आम्ही चार-दोनने हरलो. पण मी त्या भागात तो किती वेळा कोपऱ्यात गेला ते मोजलं, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं. चौदा वेळा गेला. नऊ वेळा पक घेऊन आला. पाच वेळा त्याला उचलून आपटलं, आणि त्यातल्या एकदा तो माझ्यासमोरच्या काचेवर इतका जोरात आला की मी कॉफी सांडली. तो काचेपलीकडून माझ्याकडे बघत उठला आणि पुन्हा त्याच कोपऱ्यात गेला. मी हे आकडे लिहिलेला कागद स्काउटला दिला. त्याने वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "हे मी घरी ठेवीन. अकॅडमीच्या फॉर्ममध्ये यासाठी जागा नाही."

परत येताना गाडीत मी म्हटलं, "वीस वर्षं."

"तू कधी मोजलं नाहीस," नवरा म्हणाला.

"मी पडदे मोजते. नवरे मोजत नाही."

"आणि तुझा एक इंच?"

"माझा एकच होता."

मागच्या सीटवरून मुलगा डचमध्ये म्हणाला, "म्हणजे तुम्ही दोघांनी एकमेकांना फसवलं आणि निकाल मी आहे." नवरा हसला, मीही हसले. आरशात बघितलं तर मुलगा खिडकीबाहेर बघत होता. मग आम्ही दोघंही हसायचे थांबलो.

तीन आठवड्यांनी अकॅडमीचं पत्र आलं. गोलकीपरला घेतलं होतं. आमच्यासाठी दोन ओळी होत्या, दोन्ही नम्र. मुलाने त्या वाचल्या आणि विचारलं, "आई, जर्मनीतल्या सगळ्या ज्युनियर संघांची यादी करता येईल?"

हे त्याने मला यापूर्वी कधी विचारलं नव्हतं. मी ती दोन तासांत केली. संघ, गाव, कोचचा ईमेल, घरापासून अंतर. पत्रं मी लिहून देते म्हटलं. तो नको म्हणाला. त्याने अकरा ठिकाणी स्वतः लिहिलं. पाठवण्याआधी जर्मन तपासायला मला दाखवलं, कारण मी ऑफिसात थोडं शिकले आहे. पहिलंच वाक्य असं होतं: मी एकशे त्रेसष्ट आहे, वडील एकशे अडुसष्ट, आई एकशे सत्तावन्न, मी मोठा होणार नाही. त्याखाली व्हिडिओ. बाकी काही नाही.

"हे शेवटी टाक," मी म्हटलं. "आधी गोल लिही."

"शेवटी टाकलं तर ते शेवटी नाही म्हणतील. मला लवकर कळायला हवं."

नऊ ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. एका ठिकाणाहून नकार आला. अकराव्या ठिकाणचं उत्तर सीमेपलीकडच्या एका छोट्या गावातून आलं, तिथल्या कोचने मोबाइलवरून लिहिलेलं. रविवारी अकरा वाजता, स्केट्स घेऊन ये.

आम्ही साडेदहाला पोचलो. रिंक जुनी होती आणि छत गळत होतं. निळ्या रेघेपाशी, बर्फावरच, एक लाल बादली ठेवली होती. वीस-बावीस मुलं सराव करत होती आणि सगळी त्या बादलीला वळसा घालून जात होती. वेग कमी न करता, जणू तो खेळाचाच भाग होता. पक बादलीला लागला तर कोणी काही म्हणत नव्हतं.

कोच जाड बाई होत्या, हातमोजे आणि लोकरी टोपी घातलेल्या. मी मुलाच्या सामन्यांची फाइल पुढे केली. त्यांनी ती बाकावर ठेवली आणि तिच्यावर स्वतःचा थर्मास ठेवला. मुलाला म्हणाल्या, "आत जा." नवरा माझ्या शेजारी उभा होता, खांदे मागे, हनुवटी खाली, टाचा टेकवून. बाईंनी त्याच्याकडे बघितलं.

"तुमची पाठ धरलीय का?"

"नाही," नवरा म्हणाला आणि जरा सैल झाला.

दीड तास सराव झाला. त्यांची मुलं मोठी होती. आमचा पहिल्या दहा मिनिटांत तीनदा आडवा झाला. बाई काही लिहीत नव्हत्या. मला फार चुळबूळ होत होती. शेवटी मी हात खिशात घातले. एका खेळात पक मागच्या कोपऱ्यात अडकला. दोन उंच मुलं त्याच्याकडे बघत थांबली, कारण तिथे कोणीतरी दणका देणार हे उघड होतं. आमचा गेला. दणका बसला. पक बाहेर आला आणि दुसऱ्याच कोणीतरी गोल केला.

बाईंनी शिट्टी मारली आणि मुलांना पाणी प्यायला सोडलं. सगळी बाकाकडे गेली. आमचा मुलगा मधेच थांबला. बादली काठोकाठ भरली होती. त्याने ती उचलली, दाराबाहेर नेऊन रिकामी केली, परत आणून त्याच जागी ठेवली, आणि मग पाणी प्यायला गेला. कोणी त्याला सांगितलं नव्हतं. मला वाटत नाही त्याने त्यावर विचारही केला असेल.

बाईंनी त्या बादलीकडे बघितलं आणि मग आमच्याकडे वळल्या.

"ऑगस्टपासून," त्या म्हणाल्या. "आधी एक वर्ष. गावात एक कुटुंब आहे, त्यांच्याकडे खोली आहे. शाळेचं मी बोलेन."

मी विचारलं, की पुढे तो व्यावसायिक खेळाडू होईल असं त्यांना वाटतं का. हेच विचारायला मी दोनशे ऐंशी किलोमीटर आले होते.

"नाही माहीत," त्या म्हणाल्या. "बहुतेक कोणीच होत नाही. हा मला दोन मोसमांत सांगेल." मग मुलांकडे बघून त्यांनी पुन्हा शिट्टी मारली.

मुलगा कडेला आला, हेल्मेटची जाळी वर करून. त्याला अजून कळलं नव्हतं. मी सांगणार तेवढ्यात बाईंनीच सांगितलं, जर्मनमध्ये, दोन वाक्यांत. त्याला कळलं की नाही ते मला दिसेना. त्याने मान हलवली.

"निघायचंय का?" त्याने आम्हाला विचारलं.

"तू म्हणशील तेव्हा," नवरा म्हणाला.

"अजून अर्धा तास बर्फ आहे," तो म्हणाला, जाळी खाली केली आणि परत गेला. आम्ही बाकावर बसलो. बाईंनी थर्मास उघडून आम्हाला टोपणातून चहा दिला. तो इतका कडू होता की आम्ही दोघांनी आळीपाळीने प्यायला.